थांबलेल्या वेळेत हुकूम देता येतील असे अंतराळ-युद्धाचे गेम कसे शोधावेत

काही वर्षांपूर्वी मी अंतराळ-युद्धाचा एक गेम घेतला. विक्रीच्या पानावर ‘एकट्याने खेळताना पॉज करता येतो’ असं स्पष्ट लिहिलं होतं. पहिल्याच मोठ्या लढाईत शत्रू दोन बाजूंनी आला, मी पॉज दाबला आणि पडद्यावर राखाडी मेनू उघडला: पुढे चालू, सेव्ह, बाहेर पडा. लढाई गोठली होती हे खरं, पण ताफ्याकडे नीट बघताही येईना, तिथे हुकूम कुठून देणार? पानावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. मीच चुकीचा प्रश्न मनात धरून गेलो होतो. ‘पॉज आहे का’ हे न विचारता ‘पॉज असताना मला काय काय करता येतं’ हे विचारायला हवं होतं.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. माझं मनगट दुखरं आहे आणि सेकंदाला चार क्लिक मला जमत नाहीत, पण ताफे हलवण्याचं, कुठे माघार घ्यायची आणि कुठे जीव ओतायचा हे ठरवण्याचं वेड काही सुटत नाही. माझ्यासारखे पुष्कळ जण असणार. कोणाला मध्येच बाळ रडलं म्हणून उठावं लागतं, कोणाला विचार करायला वेळ लागतो, कोणाला घाईच आवडत नाही. या सगळ्यांसाठी चांगले गेम आहेत. फक्त ते ज्या नावाखाली मिळायला हवेत त्या नावाखाली नेहमी मिळत नाहीत.

आधी पॉजचे प्रकार ओळखा

सगळ्यात खालचा प्रकार मेनूचा पॉज. माझ्या वर सांगितलेल्या गेममध्ये तोच होता. त्याच्या वर बघण्याचा पॉज: वेळ थांबते, कॅमेरा फिरतो, जहाजांची अवस्था वाचता येते, पण हुकूम लागत नाही. हा अर्धवट उपयोगाचा आहे, कारण निदान परिस्थिती तरी समजते. तिसरा, आपल्याला हवा तो, हुकमाचा पॉज. वेळ थांबलेली असताना जहाजं निवडायची, लक्ष्य द्यायचं, वाट आखायची, आणि वेळ सुरू केली की सगळी जहाजं एकदम कामाला लागतात. त्यातही उत्तम तो, जिथे शिफ्ट धरून एकामागून एक हुकमांची रांग लावता येते. रांग नसेल तर दर पाच सेकंदांनी थांबावं लागतं आणि मग पॉज असूनही हात दुखतातच.

चौथा प्रकार मंदगतीचा. २०१६ च्या बॅटलफ्लीट गॉथिक: आर्मडामध्ये लढाईत वेळ मंदावता येते. काही जणांना तेवढं पुरतं. मला पुरत नाही, पण मंदगती म्हणजे पॉज नव्हे एवढ्याच कारणावरून कोणी असा गेम टाकून देऊ नये. तुम्हाला त्रास वेगाचा आहे की सततच्या ताणाचा, यावर ते ठरतं. वेगाचा असेल तर मंदगती चालेल.

वेळ कुठे थांबायला हवी आहे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. अंतराळ-डावपेचाच्या गेममध्ये दोन थर असतात. एक मोठा नकाशा: ग्रह, खाणी, संशोधन, तह, सीमा. दुसरी प्रत्यक्ष लढाई. काही गेम नकाशावर थांबू देतात, पण लढाईत तुमचं फारसं काही चालत नाही. काही फक्त लढाईचेच आहेत. काहींत नकाशा आळीपाळीच्या चालींचा आणि लढाई सलग वेळेची असते.

म्हणून शोधायला बसण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: ‘मला थांबून अमुक करायचं आहे.’ ‘मला थांबून साम्राज्याचं अर्थकारण बघायचं आहे’ आणि ‘मला थांबून कोणत्या तोफेने कोणतं इंजिन फोडायचं ते ठरवायचं आहे’ ही दोन वाक्यं दोन पूर्ण वेगळ्या याद्यांकडे नेतात. पहिलं वाक्य लिहिणाऱ्याला दुसऱ्या यादीतला उत्तम गेमही कंटाळवाणा वाटेल.

दुकानात शोध कसा घ्यावा

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ‘रिअल टाइम विथ पॉज’ (सलग वेळ, पण थांबवता येणारी) नावाचा टॅग, म्हणजे गेमला लावलेली ओळखचिठ्ठी, आहे. तो आणि ‘स्पेस’ हा टॅग एकत्र लावला की बरीचशी यादी समोर येते. त्यात भूमिका-प्रधान गेमही भरपूर मिसळतात, कारण पॉज करून हुकूम देण्याची पद्धत त्या घराण्यातही जुनी आहे. ‘आरपीजी’ (म्हणजेच भूमिका-प्रधान) हा टॅग वगळण्याची सोय शोध-पानावरच आहे, ती वापरा. पण एकदा न वगळताही यादी चाळा, नाहीतर स्टारसेक्टरसारखे, दोन्ही घराण्यांत पाय असलेले गेम नजरेतून सुटतील. खुद्द स्टारसेक्टर तर स्टीमवर मिळतच नाही, तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो. एकाच दुकानावर विसंबू नये ते यासाठी.

टॅग खेळणारे लोक लावतात हे लक्षात असू द्या. नव्या किंवा कमी खपाच्या गेमला योग्य टॅग लागायला वेळ लागतो आणि जुन्यांना कधीकधी लागतच नाही. म्हणून दुसरी फेरी ‘फोर-एक्स’ (शोध घेत साम्राज्य वाढवायचे गेम), ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ (अख्ख्या राज्याचा कारभार) आणि ‘आरटीएस’ (सलग वेळेतले डावपेच) या टॅगांबरोबर ‘स्पेस’ लावून घ्यायची. तिसरी फेरी प्रकाशकांवरून. पॅराडॉक्सच्या घरच्या बहुतेक मोठ्या डावपेची गेममध्ये स्पेसबारने वेळ थांबवण्याची रीत आहे. मॅट्रिक्स-स्लिदरिन आणि हूडेड हॉर्स हे प्रकाशक विचारपूर्वक खेळायच्या गेमकडे झुकलेले आहेत. त्यांची अंतराळाची यादी चाळायला पाव तास पुरतो.

घेण्यापूर्वीची पडताळणी

यादीत दहा नावं जमली की प्रत्येकाचा खेळतानाचा व्हिडिओ उघडा. जाहिरातीचा ट्रेलर नको, कोणीतरी अर्धा-पाऊण तास खरोखर खेळलेला हवा. एखादी लढाई शोधा आणि खेळणारा थांबतो ते क्षण बघा. पॉज लागल्यावर जहाजांपासून नव्या रेषा निघतात का, लक्ष्याचं चिन्ह बदलतं का, बांधकामाच्या यादीत नवी ओळ येते का? हे दिसलं तर हुकमाचा पॉज आहे. खेळणारा थांबून नुसताच बोलत असेल तर शंका धरा आणि दुसऱ्याचा व्हिडिओ बघा, कारण काहींना थांबून हुकूम द्यायची सवयच नसते.

मग कळांची यादी शोधा. मेनूसाठी एस्केप आणि वेळ थांबवण्यासाठी वेगळी कळ, बहुधा स्पेसबार, अशी विभागणी असेल तर लक्षण चांगलं. शेजारी वेग वाढवण्या-कमी करण्याच्या कळा असतील तर आणखी चांगलं. ज्या निर्मात्याने वेगाच्या पायऱ्या बनवल्या, त्याने थांबलेल्या वेळेचाही विचार केलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

खरेदीदारांच्या अभिप्रायांत नकारात्मक अभिप्राय आधी वाचा. ‘फार संथ आहे’, ‘सारखं थांबावं लागतं’ अशी तक्रार दिसली की मी तो गेम यादीत वर सरकवतो. ‘जहाजं हुकूम ऐकत नाहीत’, ‘वाट शोधण्यात गोंधळतात’ ही तक्रार मात्र गंभीर आहे. थांबून दिलेला हुकूम पाळलाच जाणार नसेल तर थांबण्याला काय अर्थ?

दोस्तांबरोबर खेळायचं असेल तर हे वेगळं तपासा. एकट्याच्या खेळात असलेला पॉज अनेक खेळाडूंच्या खेळात बहुतेक वेळा नाहीसा होतो किंवा सगळ्यांसाठी एकदम लागतो. एआय वॉरसारखा, सगळे मिळून संगणकाविरुद्ध लढायचा गेम असेल तर ते खपून जातं. आमनेसामने खेळताना त्यावरून भांडणं होतात.

परताव्याची मुदत आणि घड्याळ

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाची मुदत ३० दिवसांची आहे आणि गेम उतरवून, सुरू करून पाहिला असला तरी परतावा मिळतो. इथे आपल्यासारख्यांसाठी एक खाच आहे. स्टीमचं घड्याळ गेम चालू असल्याची मिनिटं मोजतं. आतली वेळ थांबलेली असली तरी बाहेरची मोजली जाते. पॉज लावून जेवायला गेलात तर तो अर्धा तास दोन तासांतून गेला. म्हणून चाचणीच्या दिवशी उठताना गेम पूर्ण बंद करा.

त्या दोन तासांत ट्युटोरियल पुरं करायच्या भरीस पडू नका. मोठ्या गेमचं ट्युटोरियलच दोन तास खातं. सगळ्यात लहान नकाशा घ्या, एक शत्रू ठेवा, सोपी पातळी निवडा आणि लवकरात लवकर लढाई गाठा. तिथे थांबा आणि चार गोष्टी करून पाहा: जहाज हलवणं, लक्ष्य बदलणं, माघारीचा हुकूम, आणि नवं जहाज बांधायला टाकणं. चारही थांबलेल्या वेळेत जमल्या तर गेम ठेवा. मोफत नमुना-आवृत्ती असेल तर हेच तिच्यावर करा, मग घड्याळाची चिंता नाही.

आता गेम

सुरुवात करणाऱ्याला मी डोळे मिटून एफटीएल सांगतो. सबसेट गेम्सचा हा २०१२ चा गेम साम्राज्याचा नाही, एका जहाजाचा आहे. मागून बंडखोरांचा ताफा येतोय आणि आठ विभाग ओलांडून पुढे जायचंय. पण पॉज म्हणजे काय हे शिकायला याच्याइतकी चांगली शाळा मला माहीत नाही. स्पेसबार दाबायचा, तोफा कोणत्या खोलीवर रोखायच्या ते ठरवायचं, आगीच्या खोलीचं दार उघडून हवा बाहेर सोडायची, जखमी माणसाला दवाखान्यात पाठवायचं आणि पुन्हा स्पेसबार. शत्रूच्या ढाली पाडणाऱ्या तोफा आधी आणि ढालीपुढे बोथट ठरणारा किरण त्यानंतर, ही वेळ जुळवायला जो शिकला त्याला पुढे ताफे सांभाळणं जड जात नाही. तो जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही चालतो. २०१९ चा क्राइंग सन्स याच वळणाचा आहे. त्यात लढाई थांबवून लहान विमानांच्या तुकड्या हलवायच्या असतात.

ज्याला जहाजागणिक डावपेच हवेत त्याने हंगेरीच्या मिथिसचा २००४ चा नेक्सस: द ज्युपिटर इन्सिडंट शोधावा. हाताशी मोजकी मोठी जहाजं असतात आणि शत्रूच्या जहाजाचं कोणतं यंत्र निकामी करायचं तेही तुम्ही ठरवता. जहाजं जड आहेत, सावकाश वळतात. लढाया लांबतात आणि मोहिमा ठरलेल्या क्रमाने येतात. वय दिसतं त्याचं, आजच्या पडद्यावर चालवताना थोडी खटपट पडू शकते. अशा जुन्या गेमसाठी पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर रुंद पडद्याचे आणि अडकण्याचे उपाय गेमनिहाय लिहिलेले असतात, ते आधी वाचावेत.

त्रिमितीत ताफे फिरवायची हौस असेल तर होमवर्ल्ड. १९९९ च्या पहिल्या भागाने वर-खाली, मागे-पुढे सगळीकडे मोकळी असलेली लढाई खेळणाऱ्यांसमोर आणली. २०२४ च्या तिसऱ्या भागात एकट्याने खेळताना थांबून हुकूम द्यायची सोय आहे. त्याची गोष्ट मला पहिल्या भागाच्या तोडीची वाटली नाही, पण कॅमेराच आवरेना म्हणून पूर्वी ही मालिका सोडून दिलेल्यांसाठी ती सोय फार मोलाची आहे.

नकाशा आणि लढाई दोन्ही एकाच पडद्यावर हवी असेल तर सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर. आयर्नक्लॅडचा हा २००८ चा गेम, त्याचा रिबेलियन हा २०१२ चा भाग आणि आता दुसरी आवृत्ती. सगळ्या ताऱ्यांच्या दृश्यापासून एका जहाजाच्या कवचापर्यंत माऊसच्या चाकाने आत-बाहेर करता येतं आणि एकट्याने खेळताना कुठेही थांबता येतं. मुळातच संथ बेताचा असल्यामुळे पॉज कमी लागतो. दुसऱ्या आवृत्तीत ग्रह खरोखर प्रदक्षिणा घालतात, त्यामुळे त्यांना जोडणारे मार्गही बदलत जातात. आज सुरक्षित वाटणारा ग्रह अर्ध्या तासाने सीमेवर येतो. थांबून नकाशा बघायला यासारखं कारण नाही. पहिल्या भागात गोष्टीची मोहीम नव्हती. गोष्ट हवी असणाऱ्याने इकडे येऊ नये.

स्टेलारिसचं नाव सगळ्यात आधी कानावर येतं, म्हणून त्याबद्दल स्पष्ट सांगतो. मे २०१६ मध्ये आलेला पॅराडॉक्सचा हा गेम नकाशावर थांबणाऱ्यांचा आहे. खेळ इसवी सन २२०० ला सुरू होतो आणि वेळ दिवसादिवसाने सरकते. कुठेही थांबून वसाहती, संशोधन, तह, जहाजांची रचना सगळं करता येतं. लढाई मात्र जुंपली की जहाजं आपापली लढतात. तुमच्या हातात उरते ती माघार आणि मदतीला दुसरा ताफा पाठवणं. युद्ध आधीच, रचना-पडद्यावर आणि सीमेवरच्या तळांवर जिंकायचं असतं. हे आधी माहीत असेल तर गेम अप्रतिम आहे, नसेल तर निराशा ठरलेली. पूरक भागांची रांग लांब आहे. मूळ गेमवर एक पूर्ण डाव खेळल्याशिवाय त्यातलं काहीही घेऊ नका. आणि पहिल्या डावाला हजार ताऱ्यांची आकाशगंगा निवडू नका. शेवटाकडे लोकसंख्या वाढली की संगणक धापा टाकतो. २०० किंवा ४०० तारे भरपूर झाले.

कोड फोर्सचा डिस्टंट वर्ल्ड्स २, मार्च २०२२ चा, माझा सगळ्यात लाडका आहे आणि सगळ्यात कमी लोकांना सांगावा असा. त्यात खाजगी व्यापारी तुमच्या आज्ञेविना मालवाहू जहाजं आणि खाणकामाची जहाजं चालवतात. तुम्ही सरकार आहात, मालक नाही. नकाशा थांबवून जवळ गेलं की एखादं मालवाहू जहाज इंधन भरायला रांगेत उभं दिसतं. मग इंधन कमी का पडलं, याचा माग काढत बसता येतं. जवळजवळ प्रत्येक खातं संगणकावर सोपवता येतं, किंवा ‘सुचव, मी ठरवतो’ अशा बेतावर ठेवता येतं. सुरुवातीला सगळं सोपवून फक्त शोधक जहाजं हातात घ्या आणि दर बैठकीला एकेक खातं काढून घ्या. पहिल्याच दिवशी सगळं हातात घेणारे तिसऱ्या दिवशी गेम सोडतात.

एआय वॉर २ वेगळ्याच जातीचा आहे. आर्सेन गेम्सच्या या २०१९ च्या गेममध्ये आकाशगंगा आधीच संगणकाने जिंकलेली असते आणि तुम्ही त्याच्या खिजगणतीत नसता. प्रत्येक ग्रह घेतलात की त्याचं तुमच्याकडे लक्ष वाढतं. म्हणून कोणता ग्रह घ्यायचा नाही हा खरा प्रश्न. थांबून नकाशावर बोट ठेवून विचार करण्यासाठीच हा गेम बनलाय असं वाटतं.

टेरा इन्व्हिक्टा हे लाँग वॉर हे गाजलेलं मॉड (दुसऱ्याच्या गेममध्ये चाहत्यांनी केलेला बदल) बनवणाऱ्या चमूचं काम. पृथ्वीवरच्या सात गटांपैकी एकाचं नेतृत्व, मग सूर्यमाला, मग परग्रहींशी लढाई. इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने पुढे जात राहतं, त्यामुळे लढाईत पॉज ही सोय नसून गरज आहे. पण पहिली खरी लढाई यायला कित्येक बैठका जातात. दोन तासांच्या चाचणीत हा बसतच नाही, त्यासाठी लांब व्हिडिओच बघा.

स्टारसेक्टरमध्ये तुम्ही एक जहाज स्वतः चालवता आणि बाकी ताफ्याला लढाईच्या नकाशावरून कामं नेमून देता. तो नकाशा उघडला की लढाई थांबते. हुकूम मोजकेच मिळतात, म्हणून विचार करून द्यावे लागतात. स्वतः जहाज चालवायचं नसेल तर तेही संगणकावर सोपवता येतं. माझ्या मनगटासाठी मी तेच करतो. स्टार रूलर २ (२०१५) मात्र मोडतोड करून बघायची आवड असणाऱ्याने घ्यावा. त्याचा कोड २०१८ मध्ये खुला करण्यात आला.

एक शेजारचं घरही पाहून ठेवा. बॅटलस्टार गॅलॅक्टिका डेडलॉकमध्ये दोन्ही बाजूंचे हुकूम थांबलेल्या वेळेत ठरतात आणि मग काही सेकंद एकदम घडतात. पॉज कधी दाबायचा हा प्रश्नच उरत नाही. सतत थांबून कंटाळा आला असेल तर ही पद्धत मानवेल.

घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी

सेटिंग उघडा आणि आपोआप थांबण्याचे पर्याय शोधा. शत्रू दिसला, ग्रहावर हल्ला झाला, संशोधन पुरं झालं अशा प्रसंगी आपोआप थांबण्याची सोय असेल तर पहिल्या दोन चालू करा आणि तिसरा बंद ठेवा, नाहीतर दर मिनिटाला गेम अडेल. पॉजची कळ अंगठ्याखाली आणा. माऊसवर जादा बटण असेल तर तिथे.

मग थांबण्याची शिस्त. लढाई जुंपताना मी तीनदाच थांबतो. दोन्ही ताफे एकमेकांना दिसले की पहिल्यांदा: कोणाच्या तोफा लांब पोचतात, आणि माझा परतीचा रस्ता मोकळा आहे का? पहिला मारा पडला की दुसऱ्यांदा: कोणाची ढाल आधी जाणार, त्याला मागे घ्यायचं की पुढे ठेवून बाकीच्यांना वाचवायचं? तिसऱ्यांदा एका बाजूचं मोठं जहाज पडलं की: आता टिकून लढायचं की निघायचं? प्रत्येक वेळी हुकमांची रांग लावून मोकळा होतो. हरलोच तर लढाईआधीचं सेव्ह उघडून तीच लढाई पुन्हा खेळतो, तेच तीन थांबे घेऊन, फक्त दुसऱ्या थांब्याला वेगळा निर्णय घेतो. एखादा गेम आपल्यासाठी आहे की नाही, ते त्या दुसऱ्या फेरीत मला कळतं.